कॉलेज बघा, कर्ज कशाला बघता?

नर्सिंगला जायचं पक्कं केलंत? अभिनंदन. आता कॉलेज निवडायचंय, आणि घरातलं कुणीतरी कागद-पेन घेऊन बसलं असणार: फी किती, कर्ज किती, पुढे पगार किती. आधी ते पेन काढून घ्या. सेवेच्या क्षेत्रात जाणाऱ्यांच्या तोंडी पैशाची भाषा शोभत नाही. फी घेणारे ती बोलतात, कर्ज देणारे बोलतात, तेवढं पुरे.

सुरुवात इमारतीपासून करा. काचेची दर्शनी भिंत, समोर कारंजं आणि दारात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा पुतळा. पुतळ्यासोबत एक फोटो काढा. बाई हातात दिवा घेऊन फिरायच्या, एवढं ठाऊक असलं की झालं. १८५८ मध्ये त्यांनी क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे तक्ते आणि आकृत्या मांडून दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले. हे पुतळ्याखाली कोरलेलं नसतं, आणि तेच बरं. आकडे मांडून भल्याभल्यांना गप्प बसवणारी बाई प्रवेश कार्यालयाच्या दारात उभी करणं तसंही धोक्याचंच.

मग स्किल लॅब दाखवतील. तिथं सुई टोचायच्या सरावासाठी एक रबरी हात असतो. फार जवळ जाऊ नका. आधीच्या बॅचेसनी त्याच एका शिरेला इतकं टोचलेलं असतं की आतलं लाल पाणी कोपरापाशी झिरपतं आणि खाली किडनी ट्रे ठेवावा लागतो. कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती, असलंही काही विचारू नका. वॉर्डात एका पेशंटभोवती दहा विद्यार्थी उभे असतात. एक जण बीपी घेतो, नऊ जण तो कसा घेतात ते बघतात, आणि सही मात्र दहाही लॉगबुकांवर होते. फीसुद्धा दहाही जणांची पूर्ण, हे ओघानं आलंच.

पगाराचा आकडा हवाच असेल तर पोस्टरवरचा घ्या. पोस्टरवर हसणारी माजी विद्यार्थिनी कित्येक वर्षं आयसीयूत राबली, मग परदेशातली परीक्षा देऊन तिकडे गेली, आणि त्या आकड्यात नाइट ड्युटी नि ओव्हरटाइमही धरलाय, हे तपशील पोस्टरवर मावत नाहीत. तुम्ही तो पगार पहिल्या महिन्यापासूनचा धरून चला. मध्यक विचारू नका. निम्म्या जणांना ज्याहून कमी मिळतं असा तो आकडा, कशाला मूड घालवायचा? त्यापेक्षा संपूर्ण कॉलेजची सरासरी मागा. तिच्यात शेजारच्या इमारतीतले कॉम्प्युटर इंजिनिअरही मिसळलेले असतात, त्यामुळे ती चांगली भरघोस निघते.

अमेरिकेत तर ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची चक्क सरकारी वेबसाइट आहे. तिथं एकेका अभ्यासक्रमाच्या पदवीधरांच्या कमाईचा मध्यक आणि कर्जाचा मध्यक, दोन्ही बघता येतात. काय हा असभ्यपणा! त्यातही कमाईचे आकडे सरकारी शिक्षणसाहाय्य घेतलेल्यांपुरतेच, म्हणजे वेबसाइट असूनही स्वतःचं डोकं चालवावं लागतंच. मग उपयोग काय तिचा?

आणि एक गोष्ट तर चुकूनही शोधून काढू नका: रुग्णालय नर्सचा पगार कशावर ठरवतं? नोंदणी आहे का, पात्रता कोणती, अनुभव किती, कुठला विभाग. कारंज्याचा रकाना त्यांच्या फॉर्मवर अजून आलेला नाही. त्यामुळे स्वस्त कॉलेजातून आलेली आणि तिप्पट फी भरून आलेली, अशा दोघी एकाच रात्री एकाच वॉर्डात त्याच श्रेणीच्या पगारावर सलाइन बदलत असतात. अमेरिकेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्यांना आणि चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांना नोंदणीकृत नर्सच्या परवान्यासाठी एकच परीक्षा द्यावी लागते, एनक्लेक्स-आरएन. पदवी बढतीला आणि पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडते, काही रुग्णालयं पदवीधरच मागतात, हे खोटं नाही. पण पदवी वेगळी आणि महागडी पदवी वेगळी, असं कुणी सांगू लागलं की विषय बदला.

कर्जाचं म्हणाल तर ‘शिकत असताना हप्ता नाही’ एवढंच वाक्य पाठ करा. हप्ता थांबतो म्हणजे व्याजही थांबत असणार, असा भाबडा विश्वास ठेवा. समजा ४ वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ असे एकूण १०० उचलले, व्याज १० टक्के, वर्षाला चक्रवाढ, आणि मध्ये छदामही भरला नाही. शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडेपर्यंत त्या १०० चे साधारण १२८ झालेले असतात. पुढे हे १२८ दरमहा हप्त्यांनी १० वर्षांत फेडले, तर हातून एकूण २०२ च्या आसपास जातात. घेतले १००, दिले २०२. ऋण काढून सण केला की असंच व्हायचं. पण नर्सिंगमध्ये सणही आपल्या वाट्याला येत नाही, त्या दिवशी ड्युटी लागते.

काही खडूस माणसं सांगतात की एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावं, आणि पगार धरायचा तोही हातात पडणारा. ऐकू नका. तसं धरलं तर आवडलेली निम्मी कॉलेजं यादीतून उडतील. आणि जामीनदार म्हणून सही करणाऱ्या वडिलांना कागद वाचू देऊ नका. चष्मा सापडत नाही तोवरच सही उरकून घ्या.

सगळेच पूर्ण करतात असंही गृहीत धरा. कोर्स अर्ध्यावर सोडणाऱ्याला अर्धी पदवी मिळत नाही, कर्ज मात्र तसंच अंगावर राहतं. कॉलेज ‘परवाना परीक्षेत ९८ टक्के पास’ म्हणालं, तर टाळ्या वाजवा. प्रवेश किती जणांनी घेतला, ठरलेल्या मुदतीत शेवटच्या वर्षाला किती पोचले आणि त्यातल्या किती जणांना परीक्षेला बसू दिलं, हे विचारलंत तर समुपदेशकाला अचानक दुसऱ्या मीटिंगची आठवण होईल. बिचाऱ्याला कमिशन पास होणाऱ्यांवर थोडंच मिळतं? ते मिळतं प्रवेशांवर.

तेव्हा सवलत आज संध्याकाळपर्यंतच आहे असं तो म्हणाला, की लगेच रक्कम भरून मोकळे व्हा. ‘भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असेल. ते वाचायची घाई नाही, त्यासाठी पुढची १४ वर्षं आहेत.