गेमिंग पीसी ऑनलाइन बनवून घेताय? आधी मॉडेल नंबर लिहून मागा

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते. जी कंपनी प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर कोटेशनमध्ये लिहून देत नाही, तिला ऑर्डर द्यायची नाही. मग ती पाच हजारांनी स्वस्त असू दे, नाहीतर इन्स्टावर तिचे लाखभर फॉलोअर असू देत.

आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीत चांगले दुकानदार आहेत. ऑफिसचा कॉम्प्युटर, बिलिंगचं मशीन, प्रिंटर घ्यायचा असेल तर मी आजही त्यांच्याकडंच जायला सांगते. पण गेमिंग पीसी म्हटलं की हवं तेच ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) आणि हवा तोच मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात तो बोर्ड) इथं तयार मिळणं अवघड. दुकानदारालाही तो बाहेरूनच मागवावा लागतो. मग पोरं म्हणतात, आपणच ऑनलाइन बनवून घेऊ. त्यात चुकीचं काहीच नाही. मात्र हे सत्तर-ऐंशी हजार, कधी लाख-सव्वा लाख रुपये बापानं उसाच्या बिलातून नाहीतर पीएफमधून काढून दिलेले असतात. ते भरताना पोरगं बघतं काय, तर काचेच्या कॅबिनेटमधले रंगीत पंखे. म्हणून हे लिहायला बसले.

इचलकरंजीच्या माझ्या भाच्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक कोटेशन पाठवलं होतं. 'इंटेल आय ५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५०, ५५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, ४ पंखे.' खाली एकच रक्कम. बघायला सगळं भरलेलं वाटतं. पण यातल्या एकाही ओळीवरून आपल्याला नक्की काय मिळणार ते कळत नाही.

आय ५ कुठल्या पिढीचा? २०१२ मध्ये आलेला तिसऱ्या पिढीचाही आय ५ आणि चौदाव्या पिढीचाही आय ५. १६ जीबी रॅम जुन्या डीडीआर ४ प्रकारची की नव्या डीडीआर ५ ची? १६ ची एकच पट्टी की ८-८ च्या दोन? एका पट्टीत रॅम सिंगल चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेनं चालते आणि बऱ्याच गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात. एसएसडी, म्हणजे फाइल साठवायची डिस्क, जुन्या साटा प्रकारची असेल तर वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, नव्या एनव्हीएमई प्रकारची, चौथ्या पिढीची चांगली असेल तर ७००० च्या घरात. लिहिताना दोन्हीकडं '५१२ जीबी' एवढंच.

आता आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड घ्या. या नावाचं ८ जीबीचं कार्ड २०२२ मध्ये आलं. २०२४ मध्ये त्याच नावानं ६ जीबीचं आलं. पण ते नुसती मेमरी कमी केलेलं कार्ड नाही. आधीच्यात २५६० कोअर, यात २३०४. आधीच्यात मेमरीची बस (डेटा ये-जा करायची वाट) १२८ बिटची, यात ९६ बिटची. म्हणजे कार्डच वेगळं, पण नाव तेच. वरच्या किमतीतही हीच गत: आरटीएक्स ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आहेत, आणि नवे मोठे गेम ८ जीबी मेमरी चटकन भरून टाकतात. कोटेशनमध्ये '५०६० टीआय' एवढंच लिहिलं असेल तर येणारं कार्ड ८ जीबीचंच धरून चाला.

पण माझा खरा जीव अडकलाय तो एसएमपीएसमध्ये. अख्ख्या मशीनला वीज पुरवणारा हा डबा, आणि पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री यालाच लागते, कारण कॅबिनेटच्या तळाला झाकणाआड तो दिसतच नाही. डब्यावर ५५० वॅट छापलेलं असतं, पण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरला लागणारी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून जाते, आणि त्या लाइनवर किती वॅट मिळतात ते स्टिकरवर वेगळं दिलेलं असतं. हलक्या डब्यात हा आकडा छापील वॅटपेक्षा बराच कमी निघतो. '८० प्लस ब्रॉन्झ' लिहिलं की लोक निर्धास्त होतात. ते प्रमाणपत्र फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. व्होल्टेज वरखाली झालं, शॉर्ट झालं, तर आतलं संरक्षण वेळेवर काम करेल का, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडं वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. दर झटक्याला पहिला मार हा डबा खातो. हलका डबा गेला तर एकटा जाईलच असं नाही, सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. म्हणून एसएमपीएसची कंपनी, सिरीज आणि मॉडेल लिहून घ्या, आणि त्या मॉडेलची वॉरंटी किती वर्षांची ते स्वतः बघा. चांगल्या सिरीजना ५, ७, १० वर्षं मिळतात. बनवणाऱ्याला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे, ते त्या आकड्यावरून कळतं.

भाच्यानं कंपनीला मॉडेल नंबर विचारले. उत्तर आलं, 'सर, बेस्ट क्वालिटी ब्रँड देतो.' मी त्याला म्हटलं, विषय संपला. दुसरी बघ.

रॅमचं तर सध्या वेगळंच झालंय. २०२५ च्या शेवटाकडं एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी एवढी वाढवली की रॅमचे भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या भावात पीसी देणारी कंपनी कुठंतरी हात आखडता घेणारच. कधीही न ऐकलेल्या नावाची रॅम येते ती अशीच. कोटेशन किती दिवस धरलं जाणार, हेही लेखी विचारा.

दुसरा मोठा मुद्दा वॉरंटीचा. कागलच्या एका मैत्रिणीच्या मुलाचं कार्ड दीड वर्षात बंद पडलं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी ३ वर्षांची. पण पीसी बनवून देणाऱ्यांनी बिलावर लिहिलं होतं 'गेमिंग पीसी, १ नग'. सिरियल नंबर नाही, कार्डचा बॉक्स दिलेला नाही. सर्व्हिस सेंटर म्हणालं, या कार्डचं बिल दाखवा. पीसीवाले म्हणाले, अख्खं कॅबिनेट आमच्याकडं पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चानं. पोराची उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली.

त्यामुळं ढोबळमानानं सांगायचं तर मी पार्ट विकून जोडून देणाऱ्या कंपनीच्या बाजूनं आहे, भारी नावाचं तयार मॉडेल विकणाऱ्याच्या नाही. पहिल्या प्रकारात प्रत्येक पार्ट बिलावर वेगळा येतो, सिरियल नंबरसकट, आणि जोडणीचे पैसे वेगळे दिसतात. पार्ट बिघडला तर तुम्ही थेट त्या ब्रँडकडं जाऊ शकता. पीसीवाली कंपनी उद्या बंद पडली तरी वॉरंटी तुमच्या हातात राहते. सगळे रिकामे बॉक्स सोबत पाठवायला सांगा. नाहीतरी १८ टक्के जीएसटी भरतोच आहोत, मग बिल तरी नीट घ्या. बिल नसेल तर काही ब्रँड वॉरंटी विक्रीच्या तारखेऐवजी कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून मोजतात. आणि अधिकृत वितरकाऐवजी परस्पर आयात झालेला माल असेल तर भारतात बऱ्याचदा वॉरंटीच मिळत नाही.

कंपनी जाणकार आहे का, हे ओळखायला मी एक प्रश्न सुचवते: 'बायोस अपडेट करून देणार का?' बायोस म्हणजे मशीन चालू होताना बोर्डावर सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळं बिघाड होत होते. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट आला, आणि इंटेलनं त्या प्रोसेसरांची वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. हा अपडेट बोर्डाच्या बायोसमधून येतो. ज्याला हे माहीत आहे तो लगेच हो म्हणतो, वर कुठली आवृत्ती टाकली तेही सांगतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, त्याची गरज नसते. तीच गोष्ट विंडोजची. 'विंडोज फ्री टाकून देतो' म्हणजे चोरीची कॉपी. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार, त्यावर ती नकोच.

पॅकिंगबद्दल विचारलंच पाहिजे. आजकालची कार्डं किलोभर आणि त्याहून जड असतात, बोर्डाच्या स्लॉटला आडवी लटकलेली. दिल्ली-कोलकात्याहून ट्रकमधून धक्के खात येताना स्लॉट मोडू शकतो. चांगल्या कंपन्या कॅबिनेटच्या आत फुगणारा फोम भरतात किंवा कार्ड वेगळ्या बॉक्समध्ये पाठवतात. फोम असेल तर मशीन चालू करायच्या आधी तो पूर्ण काढायचा. आणि बॉक्स उघडताना कुरिअरच्या लेबलपासून शेवटपर्यंत एकसलग व्हिडिओ काढायचा, मध्ये न थांबवता. मोडतोडीच्या तक्रारीत बहुतेक कंपन्या तोच मागतात.

यूपीएस वेगळा घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो, गेम चालू असताना त्याच्या भरवशावर राहू नका. अर्थिंग तर वायरमनकडून तपासून घ्याच.

मशीन घरी आलं की पहिल्याच दिवशी सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन फुकट सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड कोटेशनशी ओळीनं ताडून बघा. एसएमपीएस सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, त्यासाठी बाजूचं पॅनल काढून स्टिकर वाचा. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डलाच लावा. डीडीआर ५ रॅम ४८०० च्या वेगावर अडकली असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करायचं राहिलंय. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर बऱ्याचदा विंडोजमध्ये ६० वर पडून असतो, तो आकडाही बदला.

एखादा नंबर जुळला नाही तर त्याच दिवशी ईमेल करा, फोनवर भागवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथंही भागलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथंच तक्रार दाखल करता येते. कंपनी दिल्लीची असो नाहीतर चेन्नईची, प्रकरण आपल्या कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतं, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायची फी शून्य.