हसतमुख करदात्यांस

कर भरताना तुमचं तोंड कडू होतं ना? मग लॉटरीचं तिकीट काढत जा. पैसे सरकारी तिजोरीतच जातात, पण नोटीस नाही, दंड नाही. उलट तुम्हीच रांग लावता. सरकारी सोडतीत जमलेल्या पैशांपैकी बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास रक्कम बक्षिसांत परत येते. बाकीच्यात विक्रेत्याचं कमिशन, जाहिराती आणि लोककल्याण. ब्रिटिश म्युझियमसाठी 1753 साली लॉटरीनेच पैसा उभा केला. तेव्हा नंबर लागला नाही तर हिरमुसू नका, कुठल्याशा इमारतीची एक वीट तुमची आहे. नाव कोरलेलं नसेल, एवढंच.

आता नंबर निवडणं. इथे घाई नको. 49 मधून 6 आकडे जुळवायचे असतील, तर संच होतात 1,39,83,816. दर आठवड्याला एक तिकीट काढलंत, तर सरासरी 2,68,000 वर्षांत एकदा पहिलं बक्षीस. तोवर तब्येत सांभाळा. 1-2-3-4-5-6 चुकूनही घेऊ नका, असं कधी लागतं का! (पत्रिका बघून काढलेल्या आकड्यांइतकंच लागू शकतं, पण गणिताला भावना कुठे कळतात.) वाढदिवसाच्या तारखा जरूर घ्या. सगळेच घेतात, त्यामुळे 31च्या आतले आकडे निघाले की बक्षीस वाटून घ्यायला भरपूर सोबत मिळते. दैवी संकेत मिळाला असेल तरी सोबत मिळतेच. ब्रिटनमध्ये 14 जानेवारी 1995च्या सोडतीत तो 133 तिकिटांना मिळाला. 1 कोटी 60 लाखांहून अधिक पौंडांचं पहिलं बक्षीस वाटलं गेलं आणि प्रत्येक तिकिटाला आले 1,22,510.

एखादा आकडा बरेच दिवस निघाला नसेल, तर तो आता येणारच. सोडतीतल्या आकड्यांच्या चेंडूंना मागचं काही आठवत नाही, असं सांगणाऱ्या माणसाला सोडतीच्या दिवशी घरी बोलवू नका. त्याला टीव्हीवरच्या विजेत्याचं हसू दाखवा. हरलेल्यांना का दाखवत नाहीत, असं तो विचारेलच. वेळ पुरत नाही हो!

उत्पन्नाच्या मानाने तिकिटांवर जास्त खर्च गरीब घरांचा होतो, हे अनेक पाहण्यांत दिसलंय. यात वाईट काय? श्रीमंताकडून कर घ्यायला गेलं, की आधी त्याचा वकील भेटतो. आणि हा गरिबांवरचा कर आहे असं कुणी म्हणालं, तर चिडा. कर सक्तीचा असतो. तुम्हाला कुणी सक्ती केलीय? पगार पुरत नाही, बढती ठरलेल्यांनाच मिळते आणि स्वतःच्या घराचा दुसरा रस्ता दिसत नाही, इतकंच ना?