तायक्वांदो दोन हजार वर्षांचा नाही

बेल्ट परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: तायक्वांदो ही कोरियाची दोन हजार वर्षांपूर्वीची युद्धकला. गोगुर्यो राज्याच्या थडग्यांत तिची चित्रं आहेत. सिल्ला राज्याचे ह्वारांग योद्धे उडी मारून एका लाथेत घोडेस्वाराला खाली पाडत. जपानने बंदी घातली तेव्हा भिक्षूंनी ही कला डोंगरातल्या मठांत लपवून जगवली. आज मुलं शिकतात त्या किका तेव्हाच्याच. आणि मुळात हे सगळं बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून नेलं.

हा मजकूर आपल्याकडच्या कुणा सरांनी रचलेला नाही. शेवटचं बोधिधर्माचं शेपूट सोडलं तर बाकीचं कोरियातल्या संघटनाच कित्येक दशकं छापत आल्या आहेत. तरी एकेक मुद्दा उचलून पाहिला तर हाती फार थोडं उरतं.

बोधिधर्माचं आधी उरकून घेऊ. त्याला चीनमधल्या शाओलिन मठाच्या कसरतींशी जोडणारा ग्रंथ म्हणजे ‘यीजिन जिंग’. तो सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला, आणि त्याच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून जोडलेल्या प्रस्तावना बनावट आहेत. चिनी अभ्यासक तांग हाओ यांनी १९३०च्या दशकातच या कथेचा निकाल लावला होता. शाओलिनचाच धागा तुटला, तर तो कोरियापर्यंत ओढायचा कसा?

आता थडग्यांतली चित्रं. चीनच्या जिलिन प्रांतात जिआन इथे गोगुर्योकाळातली थडगी आहेत. त्यांतल्या ‘मुयोंगचोंग’ या थडग्याच्या छताजवळ लंगोट घातलेले दोन पुरुष समोरासमोर, हात पुढे काढून उभे आहेत. हेच ते प्रसिद्ध चित्र. एक तर ते पाचव्या शतकाच्या आसपासचं मानलं जातं, म्हणजे दोन हजारांतली पाचेकशे वर्षं इथेच गळाली. दुसरं, ते दोघं एकमेकांपासून अंतर राखून आहेत. लढत आहेत, नाचत आहेत की कुस्तीला भिडण्याच्या बेतात आहेत, हे चित्रावरून ठरत नाही. शेजारच्याच ‘गाकजोचोंग’ थडग्यात मात्र कसलाच संशय नाही. तिथे दोन मल्ल एकमेकांना धरून भिडलेले आहेत आणि बाजूला काठी टेकून एक म्हातारा पंचासारखा उभा आहे. ती कोरियाची कुस्ती, ‘सिरुम’. ती आजही तशीच ओळखता येते. तायक्वांदोबद्दल असं म्हणता येईल असं एकही चित्र नाही.

ग्योंगजूजवळच्या सोकगुराम गुंफेतले आठव्या शतकातले द्वारपाल हाही पुरावा म्हणून दिला जातो, कारण त्यांची मूठ वळलेली आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या जोडीला वज्रपाणी आहे ना, त्याच वज्रपाणीचं हे पूर्वेकडचं उग्र रूप. जपानमध्ये नारा इथल्या तोदाइजी मंदिराच्या दारातही असेच दोघे उभे आहेत. ते कराटे करतात असं कुणी म्हणत नाही.

ह्वारांग खरे होते. सहाव्या शतकात सिल्लाच्या जिनहुंग राजाच्या काळात खानदानी तरुणांची ही संस्था आकाराला आली. तिची माहिती मिळते ती मुख्यतः दोन ग्रंथांतून: ११४५ सालचा ‘सामगुक सागी’ आणि तेराव्या शतकाच्या अखेरीचा ‘सामगुक युसा’. दोन्हीत या तरुणांचं गाणं-बजावणं, डोंगरदऱ्यांतली भटकंती, निष्ठा आणि रणांगणावरचं मरण आहे. वोनग्वांग भिक्षूने दोघा तरुणांना दिलेले पाच नियम आहेत. लाथ कशी मारायची, यावर एक ओळ नाही.

घोडेस्वाराची गोष्ट तर साध्या व्यवहाराला पटत नाही. हातात भाला आणि पाठीला भाता असलेला सैनिक धावत्या घोड्यासमोर उडी मारायला कशाला जाईल? याचं उत्तर खुद्द कोरियनांनीच लिहून ठेवलं आहे. जोंगजो राजाच्या आज्ञेने १७९० साली सिद्ध झालेल्या ‘मुये दोबो थोंगजी’ या सचित्र युद्धग्रंथात चोवीस प्रकार आहेत. त्यांतला निव्वळ रिकाम्या हाताचा प्रकार एकच, ‘ग्वॉनबॉप’. तोही बऱ्याच अंशी छी जिग्वांग या चिनी सेनापतीच्या पुस्तकावरून घेतलेला. त्याच सेनापतीचं मत तिथे दिलं आहे: मोठ्या लढाईत मुष्टियुद्धाचा तसा उपयोग दिसत नाही, पण हातपाय मोकळे करायला, नवशिक्याची सुरुवात म्हणून ते बरं. प्रत्यक्ष लढलेल्या माणसाचं मत आहे हे.

याचा अर्थ जुन्या कोरियात हातघाईचे खेळ नव्हते असा मुळीच नाही. ‘सुबाक’ होता, आणि तो दरबारातही चाले. ११७० साली कोर्यो राज्याच्या उइजोंग राजाने सहलीच्या वाटेवर सुबाकचा खेळ मांडला. ई सो-उंग हा वयस्क सेनानी प्रतिस्पर्ध्यापुढे टिकेना, तो मागे वळला. तेवढ्यात हान रोए नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. मुलकी लोकांकडून होणाऱ्या अपमानांनी आधीच धुमसत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी तलवारी उपसल्या, कत्तल झाली, राजा पदच्युत झाला आणि पुढची शंभरएक वर्षं कोर्योवर लष्करशहांची सत्ता राहिली. इतक्या महत्त्वाच्या प्रसंगी सुबाकचा उल्लेख येतो, पण त्याचे डाव काय होते ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. मग आजच्या तायक्वांदोचं त्याच्याशी नातं लावायचं कशाच्या आधारावर?

राहिला ‘तेक्क्यॉन’, लाथांचा आणि पाय अडकवून पाडण्याचा खेळ. तो खरोखर जुना आणि खरोखर कोरियन. जपानी राजवटीत, म्हणजे १९१० ते १९४५ या काळात, तो जवळपास मिटला हेही खरं. पण तो मठात लपला नव्हता. तो गल्लीतला, सणासुदीचा खेळ होता, आणि ज्यांच्यामुळे उरला ते सॉन्ग दॉक-गी सोलचेच. तरुणपणी शिकलेला हा खेळ त्यांनी म्हातारपणापर्यंत अंगात ठेवला. १९८३ साली कोरियन सरकारने तेक्क्यॉनला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, २०११ साली युनेस्कोनेही. दोन्ही वेळा तो स्वतंत्र कला म्हणून. त्याची झुलती, तालावरची पावलं पाहिली की ती तायक्वांदोच्या पुम्सेंशी, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमांशी, कुठेच जुळत नाहीत हे नवख्यालाही कळतं.

मग तायक्वांदो आला कुठून? डोंगरातून नव्हे, बोटीतून. १९४०च्या दशकात जपानहून शिकून परतलेल्या तरुणांनी तो आणला. १९४४ साली सोलमध्ये ‘छोंग दो ग्वान’ ही तालीम सुरू करणारे ली वॉन-गुक हे शोतोकान कराटेचे जनक फुनाकोशी गिचिन यांचे शिष्य. ‘सोंग मू ग्वान’चे रो ब्योंग-जिकही त्याच तालमीतले. युन ब्योंग-इन मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध आणि जपानमध्ये कराटे शिकले होते. या तालमींच्या पाट्यांवर तायक्वांदो हा शब्दच नव्हता. तिथे ‘थांगसूदो’ किंवा ‘खोंगसूदो’ लिहिलेलं असे, आणि ती कराटेचीच चिनी अक्षरं कोरियन उच्चारात वाचलेली. शिकवलं जाई तेही हेइआन, तेक्की, बास्साई हे कराटेचे काता, म्हणजे हालचालींचे ठरीव क्रम. नावं कोरियन वळणाची, काता जपानी. शुभ्र गणवेश आणि बेल्टांची उतरंडही तिकडचीच.

तायक्वांदो हे नाव १९५५ सालचं. ते पुढे रेटणारे जनरल छोई होंग-ही स्वतः जपानमध्ये कराटे शिकलेले. पस्तीस वर्षांची गुलामगिरी नुकती संपली होती. राष्ट्रीय म्हणून मिरवायची कला जपानी आहे असं कोण कबूल करणार? म्हणून ह्वारांग आले, थडगी आली. छोई यांच्या एका पॅटर्नचं, म्हणजे अशाच एका हालचालींच्या क्रमाचं, तर नावच ‘ह्वारांग’ आहे. त्यात एकोणतीस हालचाली आहेत. का? त्यांच्याच परंपरेचं उत्तर आहे की ही संख्या कोरियन लष्कराच्या २९ व्या पायदळ डिव्हिजनची, जिथे ही कला परिपक्व झाली. ती डिव्हिजन १९५३ साली छोई यांनीच जेजू बेटावर उभी केली होती. प्राचीनतेच्या वेष्टनात जन्मसाल असं उघडं ठेवलेलं क्वचितच सापडेल.

हे सगळं परदेशी टीकाकारांचं कुजकं बोलणं आहे, असंही उत्तर येतं. पण १९८६ साली सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रबंधात कराटेचं मूळ मांडणारे यांग जिन-बांग हे कोरियनच. पुढे ते कोरियाच्या तायक्वांदो संघटनेचे अध्यक्षही झाले.

आता ‘किका त्याच’ या दाव्याबद्दल. मला हा दावा सगळ्यांत जास्त खटकतो, कारण कोरियनांनी खरं जे निर्माण केलं तेच तो पुसून टाकतो. कराटेच्या स्पर्धांत तेव्हा फटका अंगाच्या अलीकडे थांबवायचा असे. कोरियनांनी १९६०च्या दशकात छातीला ‘होगू’ हे कवच बांधलं, पुरेपूर फटका मारायची मुभा दिली आणि चेहऱ्यावर ठोसा मारायला मनाई केली. झालं! हातांचं महत्त्व घसरलं, पाय मोकळे सुटले. अंतर वाढलं, नाचती पावलं आली, लागोपाठ दोन्ही पायांची ‘नाराए छागी’ आली, पाठ फिरवून मारायची ‘द्वी छागी’ प्रतिहल्ल्याचं हत्यार बनली. ही सगळी रिंगणातली पैदास. मुलं बेल्टसाठी घोकतात ते ‘थेगुक’ पुम्सेही कुक्कीवोन हे सोलमधलं तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं त्या सुमाराचे, म्हणजे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचे. १९७३ साली पहिली जागतिक स्पर्धा, १९८८ला सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शन, २०००ला सिडनीत पदकं.

आणि बदल अजून थांबलेला नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कवचात सेन्सर आले. पूर्वी पंचांनी बटण दाबावं म्हणून दणका आवाजासकट बसावा लागे. आता पुढचा पाय उचलून धरायचा आणि नेमका टेकवायचा, असं पायांनी तलवारबाजी केल्यासारखं तंत्र फोफावलं. ते रोखायला गिरकी घेऊन मारलेल्या किकेला जादा गुण ठेवले: छातीला साधी किक दोन गुण, गिरकीची चार, डोक्याला साधी तीन, गिरकीची पाच. सिडनीच्या लढती आणि आजच्या लढती शेजारी लावून पाहिल्या तर पंचवीस वर्षांतच खेळ ओळखू येईनासा झालेला दिसतो, आणि म्हणे ह्वारांगांची किक जशीच्या तशी.