आमचा सॅम्पल घेणारा मुलगा साडेअकराला नाही, ७:२२ ला आला होता

नमस्कार साहेब,

आमच्या ऑनलाइन हार्मोन-तपासणी सेवेवरचा तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला, आणि काल दिवसभरात आणखी सात-आठ वेळा. दोन दिवस आमचा फोन कोणी उचलला नाही, ही चूक आमचीच. गणेश चवथीला फोनवर बसणारी मुलगी गावच्या घरी गेली होती आणि कॉल माझ्या नंबरवर वळवायचे राहून गेले. मनापासून माफी मागते.

बाकी तुम्ही लिहिलंय की टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीचे २,४०० रुपये घेऊन एक गोळीसुद्धा दिली नाही, डॉक्टरांनी दहा मिनिटांत गुंडाळलं, आणि परत रक्त तपासायला सांगणं म्हणजे पैसे उकळायचा धंदा. या सगळ्यावर बोलता येईल. पण "सॅम्पल घ्यायला माणूस साडेअकराला उगवला" हे वाक्य काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुमच्या रिपोर्टात काय आहे ते मी इथे लिहिणार नाही, तो तुमचा आहे. तुम्ही स्वतः चारचौघांत जे मांडलंत तेवढ्यापुरतंच बोलते.

बुकिंग सकाळी ७:३० चं होतं. आमचा मुलगा वाळपईहून पावणेसहाला भर पावसात स्कूटर घेऊन निघाला आणि ७:२२ ला तुमच्या गेटपाशी होता. हे अंदाजाने सांगत नाही. त्याच्या फोनवर तुम्हाला केलेले कॉल आहेत: ७:२२, ७:२९, ७:४१. गेटच्या आत कुत्रा सुटा, त्यामुळे दारापर्यंत जाऊन बेल वाजवायची सोय नव्हती. त्याने रस्त्यावरून हाका मारल्या. तेवढ्यात पोदेर, म्हणजे पाववाला, आला. त्याचा भोंपू ऐकून शेजारचे लोक पिशव्या घेऊन बाहेर आले, तुमच्याकडून कोणी आलं नाही. पोराने दोन पोयी घेतल्या, आंब्याखाली उभ्याउभ्या खाल्ल्या आणि ८:१० पर्यंत थांबला. पुढच्या घरी एक आजी थायरॉइडच्या तपासणीसाठी उपाशी बसल्या होत्या, म्हणून निघाला. ११:०५ ला तुमचा मेसेज आला, "आता या." तो परत आला. खरं तर तेव्हाच मी "आज नको, उद्या सकाळी घेऊ" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण गिऱ्हाईक हातचं जाईल ही भीती. ही माझी दुसरी चूक, जी तुमच्या रिव्ह्यूत नाही.

आता सॅम्पल द्यायच्या आधी "भाजी-पाव खाल्ला तर काय बिघडलं" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दिवस चढतो तसं उतरतं, आणि पोटात अन्न गेलं की आणखी खाली येतं. म्हणजे धडधाकट माणसाचा आकडासुद्धा भरल्या पोटी दुपारच्या तोंडावर कमी दिसू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीची (हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची) २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लक्षणं असतील आणि दोन वेगवेगळ्या सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात पातळी कमी आली, तरच निदान करावं. दुसरी तपासणी आम्ही शोधून काढलेली नाही, साहेब. पहिली नीट झाली असती आणि आकडा कमी आला असता, तरी दुसरी लागलीच असती. हे पॅकेजच्या पानावर लिहिलं आहे. बारीक अक्षरांत आहे, तेवढं मान्य.

जिममधला मित्र लगेच इंजेक्शन देत होता असं तुम्ही लिहिलंय. देत असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायला परवानगी नाही, पण तो भाग सोडा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं आणि शुक्राणूही घटतात. ज्याला पुढे मूल हवं आहे त्याला हे आधी सांगणारं कोणीतरी हवं. रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघत राहावं लागतं आणि ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवावं लागतं. जिममध्ये हे कोण बघणार? आमच्या डॉक्टरांनी त्या दहा मिनिटांत हेच सांगितलं. व्हिडिओ कॉल १० नाही, १७ मिनिटांचा होता, पण त्यावरून मी भांडत नाही.

आणि ऑनलाइन आहे म्हणून चिठ्ठी झटपट मिळावी, असंही नसतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत स्पष्ट आहे की निदान, किमान प्राथमिक तरी, झाल्याशिवाय औषध लिहून देणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन. त्यांची नोंदणी पणाला लागते. मी मालकीण असले तरी "लिहून टाका" असं त्यांना सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही.

पैशांचं बोलू. २,४०० मधले १,३५० लॅबचे, ७०० डॉक्टरांचे, २०० सॅम्पल आणणाऱ्याचे. उरले १५०. त्यात फोन, भाडं आणि त्या दिवशी दोनदा जाळलेलं पेट्रोल. याला धंदा म्हणायचं तर म्हणा.

मी चौदा वर्षं म्हापशात औषधाच्या काउंटरवर उभी होते. थायरॉइडची गोळी चहा-पावाबरोबर घेणाऱ्या आणि "फरक पडत नाही" म्हणून डोस वाढवून मागणाऱ्या बायका रोज बघायचे. सत्तरी तालुक्यातून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) यायचं तर आख्खा दिवस मोडतो, म्हणून पाळी जायच्या वयातले त्रास अंगावर काढणाऱ्याही. त्यांच्यासाठी हे सुरू केलं. इन-मीन तीन माणसं आहोत. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघींनी अपॉइंटमेंट रद्द केली. एकीने कारण सांगितलं नाही. दुसरीने सांगितलं.

एवढं लिहायचं नव्हतं. भाऊ म्हणतो, दोन ओळींत माफी माग आणि सोड. जमलं नाही.

फोनचं काहीतरी पक्कं करतो आहोत. आदल्या रात्री उपाशी राहायची आठवण देणारा मेसेजही सुरू करू, ते अक्षरही मोठं करू. लॅबचे पैसे परत देता येत नाहीत, ते लॅबकडे गेले. डॉक्टरांची फी हवी असेल तर परत करते, मागा. आणि दुसरी तपासणी आमच्या खर्चाने करून देते. उपकार म्हणून नव्हे, ११ नंतर सॅम्पल घ्यायला मी हो म्हटलं म्हणून. सोमवार सोडून कुठलीही सकाळ सांगा. रात्री दहानंतर फक्त पाणी. मुलगा साडेसातच्या आत येईल, तोच येईल.

तेवढा कुत्रा बांधून ठेवा.

– संचालिका