नादेज्दाचं आडनाव

काल कट्ट्यावर विषय निघाला तो दिलीपमुळे. तो प्रतापगडला लग्नाला जाऊन आलाय. आपला किल्ला नव्हे, उत्तर प्रदेशातलं. तिथे गंगेकाठी कालाकांकर आहे, आणि स्टालिनची मुलगी स्वेतलाना नवऱ्याच्या अस्थी घेऊन तिथे आली होती, असं त्याला कुणीतरी सांगितलं.

“नवऱ्याच्या कसल्या?” मंजू म्हणाली. “ब्रजेश सिंहांशी तिला लग्न करूच दिलं नाही सोव्हिएत सरकारनं. १९६६ साली ते मॉस्कोत वारले, तेव्हा अस्थी घेऊन जायची परवानगी तेवढी दिली.”

तिथून गाडी स्वेतलानाच्या आईवर, म्हणजे स्टालिनच्या बायकोवर, नादेज्दावर आली. कुणीतरी तिला ‘बिचारी’ म्हणालं आणि नाना तापले. “क्रेमलिनमध्ये राहायचं, बाहेर माणसं अन्नावाचून मरतायत, आणि म्हणे बिचारी! त्याच घरचं मीठ खाल्लं ना तिनं?”

मला हे पटलं नाही आणि मी ते नानांना तोंडावर सांगितलं. नादेज्दा आलिलुयेवा १९०१ साली बाकूला जन्मली, ती क्रांतिकारक कामगाराच्या घरात. लेनिनच्या कचेरीत तिनं काम केलं. नवरा वीसेक वर्षांनी मोठा. दोन मुलं झाल्यावर ती औद्योगिक अकादमीत कृत्रिम धाग्यांचं रसायनशास्त्र शिकायला गेली, आणि तेही ट्रामनं. कुणाची बायको आहे हे वर्गात कळू नये म्हणून.

“ट्रामनं गेली म्हणून काय झालं?”

“वर्गात माणसं बोलतात, नाना. खेड्यातली उपासमार तिच्या कानावर तिथेच आली. त्यावरून घरी खटके उडायचे, असं सांगतात.”

“लाखो माणसं मेली आणि घरी खटके!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ता लिहितानाही नाही.

पण ८ नोव्हेंबर १९३२ची रात्र मला सोडत नाही. स्टालिनचा सहकारी व्होरोशिलोव्ह, त्याच्याकडे क्रांतीच्या वर्धापनदिनाची मेजवानी होती. सगळ्यांदेखत स्टालिन तिला म्हणाला, “ए, पी की!” “मला ए म्हणायचं नाही,” असं ओरडून ती उठली. मोलोटोव्ह या दुसऱ्या सहकाऱ्याची बायको पोलिना मागोमाग गेली, दोघी क्रेमलिनच्या आवारात फेऱ्या मारत राहिल्या. सकाळी नादेज्दा खोलीत मेलेली सापडली. जवळ छोटं वॉल्थर पिस्तूल, भावानं, पावेलनं, दिलेलं. वय ३१. सरकारी बातमीत आत्महत्येचा शब्द नाही. मुलीला सांगितलं, अपेंडिक्स. सहा वर्षांची होती ती पोर! खरं काय ते तिला सोळाव्या वर्षाच्या आसपास कळलं, एका इंग्रजी मासिकात वाचून. आई कशी गेली हे परक्यांच्या कागदावरून कळावं, याचा मला फार राग येतो.

“आणि माहेर?” मंजूनं मला साथ दिली. “पावेलची बायको १९४७ला तुरुंगात, बहीण आन्ना १९४८ला. आन्नाच्या नवऱ्याला तर १९४०मध्येच गोळी घातली.”

“तो रेदेन्स ना?” नाना लगेच म्हणाले. “गुप्त पोलिसांतला बडा अधिकारी. त्यानं किती जणांची वाट लावली, तेही सांग!”

हे खरंच आहे. त्या घरात अत्याचार करणारे नि सोसणारे एकाच टेबलावर जेवत होते.

मंजूनं मग शेवटचं सांगितलं. स्वेतलानानं १९५७ साली बापाचं आडनाव टाकून आईचं लावलं. मार्च १९६७मध्ये दिल्लीत अमेरिकी वकिलातीची पायरी चढली, तीही स्वेतलाना आलिलुयेवा म्हणूनच.

नानांनी पिशवी उचलली. “नाव बदललं ते पोरीनं. मी आईबद्दल बोलतोय, आणि उद्याही बोलणार.”