तीन गुणिले दोन, उद्गारचिन्ह

आमच्या सभागृहात आठ ठिकाणांहून चित्र येतं आणि आठ ठिकाणी जातं. येणाऱ्यांत व्यासपीठावरचा लॅपटॉप, कॅमेरे वगैरे. जाणाऱ्यांत प्रोजेक्टर, ग्रीनरूम, प्रवेशदालनातला टीव्ही, झालंच तर कँटीन. मधे मॅट्रिक्स स्विचर नावाचा काळा डबा बसलाय. कोणतंही चित्र कुठेही लावा, आवाजासकट किंवा आवाजाशिवाय. त्याचं भिंतीवरचं टचपॅनेल वारलं. नव्याचं कोटेशन दर बैठकीत 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां'त असतं, आणि ती वेळ येईपर्यंत चहा येतो. तोवर डब्यामागचं नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, त्यातून हुकूम टाइप करायला माझा लॅपटॉप आणि मी.

हे पोर्ट ज्या आरएस-२३२ प्रमाणकाचं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी तारेवरून बोलायच्या ज्या नियमांचं, ते १९६० सालचं. म्हणजे महाराष्ट्र राज्याच्याच वयाचं, आणि विकास साधारण तितकाच सावकाश. नऊपैकी पिना कामाच्या तीनच: दोन, तीन आणि पाच. एक ऐकायची, एक बोलायची, एक ग्राउंडची. केबल चुकीची निघाली की तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडले जातात. दोघंही बोलतात, ऐकत कोणीच नाही. हल्लीच्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतंच, म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर लावायचं. लॅपटॉपच्या लेखी ते काल कॉम-३ नावाच्या पोर्टवर होतं, आज शेजारच्या भोकात खुपसलं तर कॉम-७ वर. मग बोलण्याचा वेग आणि अक्षरांची मांडणी, म्हणजे ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक, हे लग्नाच्या बोलणीत गोत्र सांगावं तसं सांगायचं. त्यात फरक पडला तर पडद्यावर जे उमटतं ते कुठल्याच लिपीतलं नसतं.

गोत्र जुळलं की डबा मात्र सरळ आहे. ३*२! म्हणजे तीन नंबरचं चित्र आणि आवाज दोन नंबरला. नुसता आवाज हवा तर शेवटी उद्गारचिन्हाऐवजी डॉलर, नुसतं चित्र हवं तर टक्का. (आपल्याकडे टक्क्याशिवाय काही हलत नाही हे त्या परदेशी इंजिनिअरला कोणी सांगितलं कोण जाणे.) टाइप केलेलं दिसत नाही, अंधाऱ्या खोलीत शिफ्ट निसटली की ३*२! चं ३८२१ होतं आणि डबा पुढच्या अक्षराची वाट बघत बसतो. पण नीट सांगितलं की लगेच करतो, आणि 'आउट २, इन ३, ऑल' असा उलट निरोपही देतो. नसलेल्या इनपुटाचा आकडा दिला तर 'ई०१'. केलं किंवा नाही केलं, एवढंच. 'बघतो', 'करून टाकू', 'तुमचं काम माझ्या लक्षात आहे' असली उत्तरं त्याच्याकडे नाहीत.

माणसांचं तसं नसतं. "ओ साऊंडवाले, ते जरा इकडे लावा ना!" आता 'ते' कोणतं आणि 'इकडे' कुठे? डब्याला कुठून आणि कुठे हे दोन आकडे लागतात, आणि आमच्या संस्थेत ते दोन्ही एकाच माणसाला ठाऊक असल्याचा प्रसंग मी तरी पाहिलेला नाही.

वर्धापनदिनाला कार्यवाह स्वतः खोलीत आले. त्यांचा लॅपटॉप इनपुट एकवर. "माझं प्रेझेंटेशन सगळीकडे लावा."

"सगळीकडे, सर? की फक्त हॉलमध्ये?"

"सगळीकडे म्हणजे सगळीकडे!"

अशा हुकमाची आज्ञा सर्वांत छोटी असते. १*! दाबलं. एंटरसुद्धा लागत नाही. उद्गारचिन्ह पडलं की काम झालं. हॉल, ग्रीनरूम, प्रवेशदालन, कँटीन, सगळीकडे एकदम एक एक्सेल उघडलं. पहिला रकाना पाहुण्यांचं नाव, दुसरा शाल-श्रीफळ, तिसरा पाकीट. प्रमुख पाहुण्यांच्या पाकिटापुढे पाच हजार, विशेष अतिथींपुढे अकराशे, आणि कंसात 'जमल्यास'.

"काढा! काढा! काढा!"

"कुठून, सर?"

तेवढ्यात ०*! पाठवून सगळे पडदे काळे केले, पण विशेष अतिथी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, नजर तीक्ष्ण. त्यांनी भाषणात साधेपणावर पाऊण तास घेतला आणि प्रमुख पाहुण्यांना पाच मिनिटं उरली.

नंतर कार्यवाहांनी मला विचारलं, "हे यंत्र करण्याआधी 'खात्री आहे का' असं विचारत नाही?" नाही म्हटलं. त्यांनी डब्याकडे बराच वेळ पाहिलं. या नजरेने ते फक्त हिशेब तपासनिसाकडे बघतात.

एक सुधारणा मात्र झाली. आता ते कार्यक्रमाआधी चिठ्ठीवर आकडे लिहून आणतात आणि माझ्या कानाशी येऊन सांगतात, "तीन गुणिले दोन. पण उद्गारचिन्ह नको बरं का, हळूच करा."