ताण आलाय? फोन काढा!

साहेबांचा मेल आलाय, विषयातच ‘अर्जंट’ लिहिलंय आणि वाचून पोटात गोळा आलाय? मग तो मेल उघडायची घाई अजिबात करू नका. आधी फोन काढा. काम उरकलं की पोटातला गोळा जातो, हा जुन्या लोकांचा गैरसमज आहे.

बसण्याचं तंत्र मात्र नीट शिकून घ्या. समोर एक्सेलची फाइल उघडी हवी. रकाने जितके जास्त, तितकं उत्तम. फोन मांडीवर, टेबलाच्या आड. अंगठा हलेल, खांदे हलता कामा नयेत. मागून कुणी गेलंच तर कपाळाला आठ्या घालायच्या. रील मांजराचं असलं तरी चेहरा ताळेबंदाचा हवा.

पूर्वी पान संपायचं, ‘पुढे’वर क्लिक करावं लागायचं आणि तेवढ्यात नेमकं काम आठवायचं. २००६ साली डिझायनर अझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल आणून ही गैरसोय कायमची मिटवली. पुढे त्यांना स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला. तुम्ही त्या फंदात पडू नका, पश्चात्तापालाही वेळ लागतो.

वेळेवरून आठवलं. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंच्या निरीक्षणानुसार कामात खंड पडला की मूळ कामावर परतायला सरासरी २३ मिनिटं लागतात. म्हणजे तासात तीनदाच डोकावलात तरी अख्खा तास मार्गी लागतो, वर नऊ मिनिटं ओव्हरटाइम!

‘मी तर फोन उलटा ठेवलाय,’ म्हणणाऱ्या शहाण्यांची कीव करा. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१७च्या प्रयोगात ज्यांचा फोन टेबलावर नुसता गप्प पडून होता, त्यांचंही डोकं फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांपेक्षा कमी चाललं. काम त्यांचंही बुडतंय, फक्त मजा येत नाही.

कंपनीने ताणमुक्तीचं अ‍ॅप दिलं असेल तर सोन्याहून पिवळं. माणसं वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. दोन मिनिटं दीर्घ श्वास घ्या, मग फोन हातात आहेच.

तुंबलेलं काम घरी न्या, रात्री उशाशी फोन घेऊन त्याची काळजी करा, सकाळी डोळे चोळत या. साहेब विचारतील, ‘फाइल कुठवर आली?’ बिनधास्त सांगा, ‘झालीच, सर!’ ते मान वर करून बघणारही नाहीत. त्यांचाही अंगठा टेबलाखाली चालूच असतो.